हिरवा डॅशबोर्ड आणि किल्लारी

२०२४ च्या फेब्रुवारीत माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण पुढचं सगळं मी वाचायला घेतलं ते त्या चुकीमुळे.

मी नांदेडमध्ये घरी बसून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर असतात दुसऱ्याच शहरात, मी ते कधी पाहिलेले नाहीत. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम टाकलेला असतो, त्याला आम्ही एजंट म्हणतो. प्रोसेसर किती तापलाय, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली हे दर पंधरा सेकंदांनी मोजायचं आणि मध्यवर्ती यंत्राकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. माझ्यासमोर डॅशबोर्ड असतो. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे उठा.

त्या रात्री एका सर्व्हरची डिस्क लॉग फाइलींनी भरली. पूर्ण भरली, तेव्हा एजंटलाही लिहायला जागा उरली नाही आणि तो बंद पडला. आमचा नियम होता, डिस्क ९० टक्क्यांच्या वर गेली की अलर्ट. पण आकडाच येत नसेल तर ९० च्या वर काय जाणार? आकडा आला नाही तर काय करायचं, याची वेगळी सेटिंग असते. काही महिन्यांपूर्वी ती मीच बदलली होती. सर्व्हर रात्री रीस्टार्ट व्हायचे, तेवढ्या मिनिटभरात अलर्ट यायचा, झोपमोड व्हायची. म्हणून 'माहिती नाही' याचा अर्थ मी 'ठीक आहे' असा करून ठेवला.

अकरा तास सगळं हिरवं होतं. सकाळी ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या औषध दुकानांची बिलं रात्रीपासून हाताने लिहिली जात होती, आणि त्यातल्या तीन तासांच्या नोंदी पुन्हा कधीच सापडल्या नाहीत. मीटिंगमध्ये कुणी ओरडलं नाही. ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

दुपारी जेवताना आज्जीनं विचारलं, तोंड असं का उतरलंय म्हणून. मी जमेल तसं समजावलं. यंत्र गप्प झालं, आणि गप्प आहे म्हणजे बरं आहे असं मी धरून चाललो. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आमचंबी तसंच झालं की रं. आदल्या साली हलायचं तवा बाहेर झोपत होतो आम्ही. मग थांबलं. थांबलं म्हणून आत गेलो."

आज्जी औसा तालुक्यातली. तिचं गाव पुनर्वसनाच्या बावन्न गावांत नव्हतं, पण घराची एक भिंत गेली आणि भिंतीखाली तिची धाकटी जाऊ गेली. मी जन्मलो १९९७ मध्ये. लातूरकडच्या माझ्या वयाच्या पोरांना भूकंप म्हणजे मोठ्यांच्या बोलण्यातला एक थांबा. "भूकंपाच्या आधी", "भूकंपानंतर". इसवी सनासारखं. त्या पलीकडे मी कधी काही विचारलं नव्हतं.

तर आधी या एजंटांबद्दल. दूरच्या जागी एक यंत्र ठेवायचं, त्यानं सतत मोजत राहायचं आणि मोजलेलं एका ठिकाणी पाठवायचं, ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांची नाही. दोन मशिनींमधला संपर्क तपासणारा 'पिंग' माइक मूस या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. नेटवर्कवरची यंत्रं दुरून तपासण्याचा एसएनएमपी हा करार १९८८ चा. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी हे काम भूकंपवाले करत होते.

जॉन मिल्न नावाचा इंग्रज खाणशास्त्रज्ञ जपानमध्ये वीसेक वर्षं राहून १८९५ मध्ये मायदेशी परतला आणि आइल ऑफ वाइट बेटावर शाइड इथे स्थायिक झाला. त्यानं एकाच नमुन्याची भूकंपमापक यंत्रं जगभर बसवून घेतली. ठिकठिकाणचे निरीक्षक आपापल्या नोंदी पोस्टाने शाइडला पाठवत आणि मिल्न त्यांची एकत्र परिपत्रकं छापत असे. म्हणजे एजंट होता, मध्यवर्ती सर्व्हर होता, डॅशबोर्डही होता, फक्त नेटवर्क बोटीचं होतं. आपल्याकडे १८९७ च्या शिलाँगच्या भीषण भूकंपानंतर, १८९८ मध्ये कलकत्त्याला अलिपूर इथे भूकंप वेधशाळा सुरू झाली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतही त्याच सुमारास मिल्नचं यंत्र आलं. क्रम लक्षात घ्या. आधी भूकंप, मग यंत्र.

कुलाब्याची आणखी एक गोष्ट मला इतकी आवडली की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, जरी ती भूकंपाची नाही. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अखंड चालली होती. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांचं चुंबकत्व मोजणीत मिसळणार, म्हणजे सगळ्या नोंदींत कचरा. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. बांधकामात लोखंड वापरायचं नाही अशी काळजी घेतली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, आकडे जुळवून पाहिले आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी नवा त्याच्या शेजारी चालवून बघा, हे आज आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आणि तरी आम्ही शुक्रवारी संध्याकाळी थेट बदल करतो.

भूकंपमापकांचं जगभराचं मोठं जाळं आलं ते अणुबॉम्बमुळे. जमिनीखाली कुणी चाचणी केली तर ती पकडायची कशी, हा १९५० च्या दशकाअखेरचा प्रश्न होता. त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं शंभराहून जास्त ठिकाणी एकाच प्रमाणाची यंत्रं बसवली. त्यातलं एक पुण्याला होतं. ड्रमवर फोटोचा कागद गुंडाळलेला, त्यावर प्रकाशाचा ठिपका रेघ ओढत राही आणि माणूस रोज कागद बदलून धुवत असे. प्रत्येक यंत्राबरोबर एक अचूक घड्याळ असे, रेडिओवरून वेळ जुळवून घेतलेलं. घड्याळ का, ते आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. दोन सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळ जुळत नसेल तर आधी काय बिघडलं आणि नंतर काय, हे सांगताच येत नाही.

भूकंपात तर घड्याळ म्हणजेच नकाशा. जमिनीतून दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगानं येते, दुसरी मागून रेंगाळत. वीज दिसल्यावर गडगडाट किती वेळानं ऐकू आला यावरून आपण वीज किती लांब पडली ते ठरवतो, तसंच हे. दोन लाटांमध्ये एका सेकंदाचं अंतर म्हणजे ढोबळमानाने आठ किलोमीटर. एका केंद्रावरून फक्त 'किती लांब' ते नीट कळतं. तीन केंद्रांची तीन वर्तुळं काढली की ती जिथे छेदतात ते गाव. आणि केंद्रं लांब असतील तर बारीक धक्का त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

महाराष्ट्रात हे सगळ्यात लवकर शिकलं ते कोयनेनं. धरणात पाणी साठायला लागलं १९६२ च्या सुमारास, आणि परिसरात धक्के बसू लागले. १९६३ पासून तिथे यंत्रं लावली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. धरणाच्या पोटात एक त्वरणमापक बसवलेला होता. धरण बांधताना आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरला होता, यंत्रानं नोंदवला ०.६ च्या वर. बारापट! धरणाला तडे गेले, ते उभं राहिलं, आणि ती नोंद आजही जगभरच्या धरणांच्या अभ्यासात वापरली जाते. यंत्र तिथे होतं म्हणून आपला अंदाज किती चुकला ते कळलं. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच.

आता किल्लारी. लातूरहून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर, तेरणेच्या खोऱ्यात. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे जमीन हलत होती. शंभराहून जास्त धक्के, त्यातला १८ ऑक्टोबरचा चांगलाच जाणवण्यासारखा. लोक अंगणात, शेतात झोपू लागले. पण हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था तिथून सव्वादोनशे किलोमीटर, पुणे आणि कोयना जवळपास तीनशे. किल्लारीच्या अवतीभवती यंत्रांचं कायमचं दाट जाळं नव्हतं. का नव्हतं, याचं उत्तर नकाशात आहे.

भारतीय मानक १८९३ हा भूकंपाला तोंड देणाऱ्या बांधकामाचा नियम. त्यातल्या नकाशात देशाचे पाच विभाग होते, एक म्हणजे सर्वांत सुरक्षित, पाच म्हणजे सर्वांत धोक्याचा. किल्लारी विभाग एकमध्ये होती. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, जुना, पक्का खडक, ही समजूत. आणि असे नकाशे मुख्यतः काढले जातात ते जिथे भूकंप झाल्याचं नोंदलं गेलंय त्यावरून. जिथे नोंद नाही तिथे धोका नाही. जिथे धोका नाही तिथे यंत्र कशाला. जिथे यंत्र नाही तिथे नोंद कुठून येणार.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून गच्चीवर गेलो. माहिती नाही म्हणजे ठीक आहे. ही माझीच सेटिंग होती.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी. गावोगावी विसर्जनं झाली, माणसं दमून उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. खोली दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पायाखालीच. मृतांचा आकडा कुठे ७,९२८ सापडतो, कुठे ९,७४८. दोन्ही आकडे इतके अचूक दिसतात की त्यांच्यातला फरक वाचताना विचित्र वाटतं. त्या फरकातही अठराशेवर माणसं आहेत.

६.२ ही काही जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारी तीव्रता नव्हे. माणसं मारली ती घरांनी. दगड आणि मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना न बांधलेला. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाड माळवद. लातूर-उस्मानाबादच्या उन्हात हे घर थंड राहतं, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वर आणखी माती चढते. आज्जी म्हणते, "घर जितकं थोराचं, तितकी भिंत जाड." त्यामुळे या भूकंपात वाड्यांनीही झोपडीइतकंच, किंबहुना जास्त, दगा दिला. कुडाच्या घरातली माणसं बऱ्याच ठिकाणी वाचली.

त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की विसर्जन सुरळीत पार पडल्याचे निरोप येईपर्यंत ते मुंबईत जागे होते आणि पहाटे खिडक्यांची तावदानं थरथरली. त्यांनी फोन लावला तो कोयनेला. तिथून उत्तर आलं की भूकंप इथला नाही, केंद्र लातूर जिल्ह्यात किल्लारीकडे आहे. सकाळीच ते तिकडे निघाले. मी हा किस्सा लहानपणापासून राजकारणातला किस्सा म्हणून ऐकला होता. आता मला त्यात दुसरंच दिसतं. मुंबईतला माणूस लातूरची खबर घ्यायला कोयनेला विचारतो, कारण विचारण्यासारखं यंत्र तिथे होतं. १९६७ नं तिथे ते ठेवलं होतं. आणि ज्या गावात हजारो माणसं ढिगाऱ्याखाली होती, त्या गावाचं नाव मुंबईला कळलं ते शेकडो किलोमीटरवरच्या सुईच्या थरथरीतून.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहायला हवी, कारण मित्रांना हे सांगितलं की ते लगेच म्हणतात, "म्हणजे यंत्र असतं तर लोक वाचले असते." नाही. किल्लारीच्या देवळासमोर यंत्र ठेवलं असतं तरी त्यानं २९ तारखेला संध्याकाळी "उद्या पहाटे" असं सांगितलं नसतं. तसं सांगता येणारं यंत्र आजही जगात कुठे नाही. एजंट आत्ताची अवस्था सांगतो, उद्याची नाही. पण बारीक धक्क्यांची नीट नोंद असती तर 'विभाग एक' हा शिक्का कदाचित आधी पुसला गेला असता, आणि घर बांधताना गवंड्याला कुणीतरी सांगितलं असतं की भिंतीत आडवे लांब दगड घाल, कोपरे बांधून घे. हे 'कदाचित' मी जपून वापरतोय. नियम कागदावर बदलला तरी औसा तालुक्यातल्या गवंड्यापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात, हे आपल्याला माहीत आहे.

भूकंपानंतर मात्र सगळे आले. हैदराबादचे शास्त्रज्ञ आले, जर्मनीचा एक चमू यंत्रं घेऊन आला, मागाहून येणारे धक्के टिपले गेले. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडलं गेलं. साधारण ३४० मीटरपर्यंत काळा बेसॉल्ट, मग गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली मूळचा जुना खडक. म्हणजे ज्याला आपण पक्की जमीन म्हणत होतो ती वरची चादर होती, भेग तिच्याखाली झाकलेली. जागतिक बँकेच्या साहाय्यानं दख्खन आणि द्वीपकल्पातली दहा भूकंप केंद्रं अद्ययावत, डिजिटल केली गेली. बावन्न गावं नव्या जागी वसली. आणि २००२ मध्ये नकाशा बदलला. विभाग एक नावाचा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग विभाग तीनमध्ये गेला. देशाच्या नकाशावर 'इथे काहीच होत नाही' असा रंग आता नाही. माझी सेटिंग मी जशी बदलली तसंच हे, असं म्हणायचा मोह होतो, पण माझ्या सेटिंगला नऊ वर्षं लागली नाहीत आणि माझ्या चुकीत कुणी मेलं नव्हतं.

नांदेडचीही एक जोडगोष्ट आहे. मी शाळेत असताना, २००७ च्या आगेमागे, नांदेड शहरात जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा आणि भांडी वाजायची. शाळेत आम्हाला त्याची मजा वाटे. लातूरहून आलेल्या घरांना नाही. आज्जी त्या काळात पुन्हा दाराशी झोपू लागली ती आजतागायत तिथेच झोपते. या वेळी हैदराबादच्या संस्थेनं शहरात आणि आजूबाजूला यंत्रं लावली. बारीक बारीक धक्के मोजले, ते शहराच्या अगदी खालीच, फार खोल नाही असे भरतात हे दाखवलं आणि त्यामागच्या भेगेवरचा लेख २०१२ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापला. लेख मी वाचलाय. त्यात आपल्या गल्लीखालचे ठिपके बघणं हा वेगळाच अनुभव आहे. किल्लारीला १९९२ मध्ये जे मिळालं नाही ते नांदेडला मिळालं. त्या धक्क्यांनंतर मोठं काही झालं नाही, हा निव्वळ आपला नशीबाचा भाग.

माझ्या चुकीला महिना झाला होता. २१ मार्च २०२४, सकाळी सहा वाजून आठ मिनिटं. पलंग सरकल्यासारखा वाटला, मग खिडकीची जाळी खडखडली. मी उठून दिवाणखान्यात येईपर्यंत आज्जी दार उघडून बाहेर होती. आई-बाबा मागून आले. समोरच्या इमारतीतले लोक खाली उतरत होते, कुणी टॉवेलवर, कुणी पोराला कडेवर घेऊन. मी फोनवर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची नोंद शोधली. ४.५, हिंगोली जिल्हा. अकरा मिनिटांनी पुन्हा एक, ३.६.

"किती होता?" आज्जीनं विचारलं. सांगितलं.

"कुठं?"

हिंगोली म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि विचारलं, "कुणी दबलं का?" ते फोनवर नव्हतं. ती आत जायला तयार होईना. बाबा म्हणाले, आता थांबलंय की. ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग मीही बाहेरच बसलो. आईनं चहा फाटकाशी आणून दिला. त्याच वर्षी जुलैत पुन्हा हिंगोलीकडूनच ४.५ चा आला, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, तेव्हा तर चहा आधीच बाहेर होता.

तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आता असा एक एजंट आहे. फोन आडवा-उभा झाला हे ज्या त्वरणमापकानं कळतं, तोच जमीन हलली हेही टिपतो. फोन चार्जिंगला लावून स्थिर ठेवलेला असला की तो ही हालचाल गूगलच्या सर्व्हरकडे कळवू शकतो. एकाच भागातल्या पुष्कळ फोनांनी एकदम कळवलं की भूकंप आहे असं ठरतं, आणि लाट पोचायच्या आत लांबच्या फोनांना काही सेकंद आधी इशारा जातो. भारतात हे २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालं. अगदी केंद्रावरच्या गावाला त्याचा उपयोग नाही, तिथे लाट इशाऱ्याच्या आधी पोचते. पण त्या गावातला चार्जिंगला लावलेला फोन पुढच्या गावासाठी बोलू शकतो.

हे मी आज्जीला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, रात्री लाइट गेली तर. मी म्हटलं, मग फोन बहुतेक गप्प. ती म्हणाली, "मंग दाराजवळ बॅटरी ठिव." आमच्या घरी दाराशेजारच्या खिळ्याला आता टॉर्च टांगलेली असते. दर रविवारी ती मला ती पेटवून दाखवायला लावते.